अनोळखी चाल

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम खायला थांबली आणि भिंतीवर पिवळा पट्टा दिसला. वीतभर उंच, दोन बोटं रुंद, छातीच्या उंचीला. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही. पिशवीतले बटाटे मांडीला लागत होते आणि ती नुसती बघत उभी राहिली. हा पट्टा इथे असायचं काही कारण नव्हतं. त्याची जागा डोंगरात, दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, कुंपणाच्या खांबावर. ती ज्या पदभ्रमण संस्थेसाठी वाटेवरच्या खुणा रंगवायची, तिची लांब वाट समुद्रापासून निघून पार पलीकडच्या सरोवराला जाते, आणि सबंध वाटेवर हा एकच पिवळा, एवढाच उंच, अशाच रुंदीचा. कुणा पोराची चेष्टा असेल असं ती स्वतःशी म्हणणार होती, तेवढ्यात पट्ट्याच्या खालच्या टोकाला डावीकडे गेलेलं शेपूट तिला दिसलं. संस्थेत पट्टे मारणारी माणसं पुष्कळ होती, पण शेपूट तिच्या एकटीच्याच पट्ट्याला यायचं. दवाखान्याच्या धुलाईत कामाला होती तेव्हा ओल्या चादरींच्या गाठोड्याखाली तिचं मनगट सापडलं होतं. हाड जुळलं ते जरा तिरकंच. तेव्हापासून हात वरून खाली आला की उचलायच्या आधी थोडासा डावीकडे घसरायचा. संस्थेचे चिटणीस, ज्यांना सगळे पाठीमागे होकायंत्र म्हणत, कारण कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी उत्तर दिशा शोधून मग खुर्ची धरत, ते हसून म्हणायचे, "ताई, तुमचा पट्टा मांजरासारखा बसलेला असतो, शेपूट काढून." ती पण हसायची. आता जिन्यात, दुपारच्या उजेडात, ते मांजर भिंतीवर बसून तिच्याकडे बघत होतं.

तिने नख लावून पाहिलं. रंग सुकलेला होता, पण जुना नव्हता. जुना असता तर कडेला पापुद्रे सुटले असते. तिने वर पाहिलं, पुढच्या वळणावर आणखी एक. मग ती वर जायच्या ऐवजी खाली उतरली, का ते तिला सांगता आलं नसतं. पट्टा दिसला की दुसरा शोधायचा, ही पायांची सवय होती. फाटकाच्या खांबावर होता. धोबीवाल्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, पन्हळीच्या पाइपाला लागून होता. औषधवाल्याच्या शटरशेजारी होता. एकापाशी उभं राहिलं की पुढचा दिसत होता, अगदी संस्थेच्या नियमाप्रमाणे. बसथांब्याच्या मागच्या भिंतीवर एकाशेजारी एक असे दोन पट्टे होते. जोडपट्टा. त्याचा अर्थ, सावध, इथून वळायचं आहे. ती थांब्याच्या बाकावर टेकली. म्हणजे कुणीही, ज्याला हे शहर ठाऊक नाही, ज्याला तिचं तोंड ठाऊक नाही असा कुणीही माणूस इथे बसमधून उतरला, की त्याने नुसती मान वर करायची. औषधवाला, धोबी, फाटक, जिना. कुणाला विचारायला नको, काही नको. थेट तिच्या दाराशी. ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, एक बाई न उघडणाऱ्या छत्रीवर वैतागत होती, आणि ही बाकावर बसून बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत राहिली. कुणीतरी आपल्या हाताची नक्कल करून आपल्या घरापर्यंत वाट आखली आहे, हे एवढंच तिला तेव्हा वाटत होतं. त्या भीतीत निदान दुसरं कुणीतरी होतं.

घरी आली तेव्हा भाऊ स्वयंपाकघराच्या टेबलावर एक कुलूप पसरून बसला होता. तिच्याहून लहान, पण आता दोघेही अशा वयात की लहान-मोठं कळत नसे. त्याचं कुलपांचं दुकान होतं, आणि दुकानात न सुटलेलं काम तो घरी आणायचा. लग्न दोघांचंही राहून गेलं होतं, तिचं एकदा ठरून मोडलं आणि त्याचं ठरलंच नाही. "जिन्यात पट्टा आहे," ती म्हणाली. "पिवळा. आपल्या वाटेचा."

"असेल," तो म्हणाला. चिमट्यात एक बारीक स्प्रिंग होती. "तुमच्या संस्थेने आपलं घर वाटेवर घेतलं वाटतं. आता चालणारे येतील, पाय दुखतात म्हणतील. तू चहाचं बघ, मी मालिश करतो."

"थट्टा करू नकोस. बसथांब्यापासून आहेत. सगळे."

"बरं मग चांगलंच आहे की. पाहुण्यांना पत्ता सांगायचा त्रास वाचला." त्याने स्प्रिंग जागेवर बसवली. मान वर केली नाही. उठून जिन्यात बघायला गेला नाही. तिला ते लक्षात आलं, आणि का लक्षात आलं ते मात्र लगेच कळलं नाही. जिन्यातला बल्ब गेला तरी तीनदा जाऊन बघणारा माणूस होता तो. तिने बटाटे टोपलीत ओतले. एक घरंगळत त्याच्या पायाशी गेला, तो त्याने उचलून दिला. देताना मात्र त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

तिची पट्ट्यांची पिशवी कपाटाच्या खालच्या खणात असायची. तारेचा ब्रश, फडकी, टर्पेंटाइनची बाटली, पिवळ्याचा डबा, राखाडीचा डबा, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कुंचला. मोसम संपताना ती हे सगळं आवरून ठेवायची आणि उघडायची ते पुढच्या मोसमाच्या तोंडावर. तेव्हा कुंचला कितीही धुतलेला असला तरी काडीसारखा झालेला असे, कोमट पाण्यात भिजवून बोटांनी मऊ करावा लागे. आज तिने प्लॅस्टिक सोडलं आणि कुंचला मऊ होता. केस बोटांवर वाकले आणि सरळ झाले. टर्पेंटाइनचा वास ताजा होता. तिने पिवळ्याचा डबा उचलला आणि हात एकदम वर गेला, कारण तो जड असेल असं हाताने धरलं होतं. डबा जवळजवळ रिकामा होता. ती खणासमोर जमिनीवरच बसली. जिन्यातले आणि रस्त्यावरचे मिळून एवढा रंग लागला नसता, चमचाभर लागला असता. मग बाकीचा गेला कुठे? तिने मागे हात घालून बूट बाहेर ओढले. तळव्यांच्या खाचांत माती होती. लाल माती, तिच्या टप्प्यावर, म्हणजे वाटेचा जो तुकडा ती राखायची तिथे, वरच्या अंगाला आहे तशी, आणि अजून पुरती वाळलेली नव्हती. म्हणजे दुसरं कुणी नव्हतं. आपल्या घराची वाट आपणच आखली होती, आणि त्याआधी किंवा नंतर आपण डोंगरातही जाऊन आलो होतो, आणि यातलं काही म्हणजे काही तिच्याजवळ नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला. धुलाईतल्या वाफेचा वास आठवला, आईने पाटीवर फणी आपटून झटकल्याचा आवाज आठवला, मोडलेल्या लग्नातल्या त्या माणसाच्या कोटाचं तिसरं बटण आठवलं. गेला आठवडा आठवला नाही. तिथे नुसती स्वच्छ धुतलेली चादर होती.

अक्षरं तिला उशिरा आली होती. धुलाईत प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाचा दोरा असे, तिचं सगळं काम त्या दोऱ्यांवर चाले. वाचायला ती शिकली ते चाळिशी उलटल्यावर, संध्याकाळच्या वर्गात, शेजारच्या बाकावर तिच्याहून म्हातारा एक सुतार होता. दुकानांच्या पाट्या बोलायला लागल्या तो पहिला हिवाळा तिला अजून लख्ख आठवत होता. औषधवाल्याच्या पाटीवर औषधं लिहिलंय हे कळलं तेव्हा ती आत जाऊन उगीचच खोकल्याच्या गोळ्या घेऊन आली होती. आणि आता काही दिवस, नक्की किती ते देव जाणे, त्याच पाटीसमोर उभं राहिलं की अक्षरं एकमेकांचा हात सोडून नुसती उभी दिसत. तिला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. जे उशिरा आलं ते आधी चाललंय, असा विचार आता खणासमोर बसल्यावर तिच्या मनात आला, आणि तिने तो घाईघाईने बुटांसकट आत ढकलला. पण त्याच्यामागे दुसरा उभाच होता. स्वतःच्या घराला आपण पट्टे का मारले? आपल्याला वाट सापडली नाही म्हणूनच ना. औषधवाल्यापाशी आपण कधीतरी उभ्या राहिलो असू, सकाळी, हातात पिशवी घेऊन, आणि कुठे वळायचं ते कळलं नसेल. मग जे येत होतं ते केलं असेल.

पण त्याहून मोठी भीती कड्याची होती. तिच्या टप्प्यावर, वर जिथे झाडी संपते, तिथे पूर्वी वाट उजवीकडे कड्याच्या कडेकडेने जायची. मागच्या वर्षी तो कडा ढासळला. वरून बघितलं तर कळत नाही, गवत तसंच पुढे झुकलेलं दिसतं, पण गवताच्या खाली काही नाही. संस्थेने वाट डावीकडून वळवली. तिने आणि संस्थेतल्या एका मैत्रिणीने, जिला सगळे कात्री म्हणत, मिळून जुन्या पट्ट्यांवर राखाडी रंग मारला होता. संस्थेत त्याला पट्टा पुरणं म्हणत. आणि येत्या रविवारी मोसमाची पहिली चाल होती. बसभर माणसं, बरीचशी नवखी, काही मुलांना घेऊन, वर धुकं असणारच, आणि धुक्यात माणूस पट्ट्याशिवाय दुसरं काही बघत नाही. रिकामा डबा. जर आपण वर गेलो असू आणि आपल्याला नवं वळण आठवलं नसेल, जुनंच आठवलं असेल, तर? पुरलेला पट्टा आपणच पुन्हा पिवळा केला असेल, नीट, नियमाप्रमाणे, छातीच्या उंचीला, शेपटासकट. लोक कौतुकाने म्हणतील, किती छान खुणा आहेत. आणि एकामागून एक त्या गवतावर पाय टाकतील.

होकायंत्रांना सांगायला हवं होतं. फोन भिंतीला होता, नंबर हाताला पाठ होता. पण ते काय म्हणतील ते तिने त्यांच्याच आवाजात ऐकलं, "ताई, तुम्ही आता विश्रांती घ्या," आणि टप्पा दुसऱ्याला दिला जाईल. धुलाई सुटल्यावर एवढं एकच काम उरलं होतं की ज्यासाठी कुणी तिची वाट बघत होतं. तिने नंबर फिरवला तो कात्रीचा. कात्री पूर्वी पोस्टात शिक्के मारायची, आता शेजारच्या टप्प्यावरची काटेरी झुडपं छाटायची, आणि तिच्या जिभेपेक्षा तिची कात्री बोथट आहे असं सगळे म्हणत. "उद्या माझ्या टप्प्यावर अनोळखी चाल करशील?" तिने विचारलं.

"तुझ्या टप्प्यावर ती पुढच्या आठवड्यात ठरलीय ना, रविवारनंतर?"

"उद्या कर."

कात्री थोडी थांबली. एरवी ती थांबत नसे. "करते," ती म्हणाली. "पण बसमध्ये खिडकी माझी."

अनोळखी चाल ही संस्थेची जुनी रीत. ज्याने पट्टे मारले त्याला ते कधी तपासायला देत नाहीत, कारण त्याला वाट पाठ असते, पाय आपोआप वळतात, गळलेला पट्टा त्याला गळलेला दिसतच नाही. म्हणून दुसरा पुढे चालतो. त्याने आपल्याला वाट माहीत नाही असं धरायचं, बघितलेलं विसरायचं, फक्त खुणा बघून पाय टाकायचा, आणि मागे वळायचं नाही. टप्प्याचा राखणदार मागून चालतो. त्याने बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. पुढचा जिथे अडखळेल तिथे मागच्याने खाली एक खडा ठेवायचा. नंतर खडे बघत यायचं आणि जिथे खडा तिथे पट्टा वाढवायचा. का अडखळला, मूर्ख होता का, हे विचारायचं नाही. अनोळखी माणूस थांबला म्हणजे खूण कमी पडली. पहिल्या वर्षी होकायंत्रांनी तिला हे शिकवलं तेव्हा शेवटी असंही सांगितलं होतं की जिथे वाट संपते तिथे पट्टा मारायचा नाही. शेवट ज्याचा त्याला कळतो. तिथे खूण मारली तर लोक आणखी पुढे जायला बघतात.

सकाळी भावाने तिच्या डब्यात पाव आणि उकडलेली अंडी भरली. हे तो कधी करत नसे. "कात्रीबाई आहेत ना बरोबर?" त्याने विचारलं. "आहे," ती म्हणाली. "नक्की ना? थांब्यावर येणार की बसमध्येच भेटणार?" "तुला का एवढी चौकशी?" "अगं, अंडी चार घातलीत, म्हणून." दारापर्यंत तो आला. समोरच्या मास्तरांचं दार आणि यांचं दार एकाच तपकिरी रंगाचं, घरमालकाने एकाच डब्यातून रंगवलेलं, आणि दोन्हीला भावानेच बसवलेली एकसारखी पितळी कुलपं. तो दाराला टेकून उभा राहिला आणि ती जिना उतरेपर्यंत आत गेला नाही. खालच्या वळणावरून तिने वर पाहिलं तर त्याचे पाय दिसत होते, नुसते पाय, सपाता घातलेले.

बस चढणीला लागली तसं धुकं काचेला आलं. कात्री खिडकीशी बसून मधल्या टप्प्यावरच्या एका जोडप्याबद्दल बोलत होती, ते एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून एकाच बाजूचे पट्टे रंगवतात आणि दुसऱ्या बाजूचे राहतात. ती हसली. हसताना तिला वाटलं, ही गोष्ट आपण आधी ऐकली आहे का? ऐकली असेल तर हसणं बरोबर झालं का? शेवटच्या थांब्यावर दोघी उतरल्या. कात्रीने ओढ्याच्या काठून मूठभर खडे उचलून तिच्या हातात दिले. "चल. आतापासून मी अडाणी आणि तू मुकी," असं म्हणून ती पुढे झाली.

पहिली झाडी ओळखीची होती, किंवा झाडी झाडीसारखी होती. कात्री पट्ट्यापाशी थांबायची, मान उचलायची, पुढचा दिसला की चालू लागायची. पट्टे ताजे होते, ठळक, खाली शेपूट काढलेले. त्यांतला एकही मारल्याचं तिला आठवत नव्हतं. कुणीतरी आपल्या आधी इथून आपला हात घेऊन गेलं आहे आणि आपण त्याच्या मागे चाललो आहोत, असं तिला वाटत राहिलं. खडे मुठीत गरम झाले. ती एकच गोष्ट शोधत होती, झाडी कुठे संपते. तिथे मोठा खडक आहे, खडकावर पुरलेला पट्टा, तिथून उजवीकडे मरण आणि डावीकडे वाट, हे तिने मनात घोकून ठेवलं होतं. पण धुकं वर गेल्यावर दाट झालं आणि झाडी संपली की नुसतीच दिसेनाशी झाली ते कळेना. खडक आले. एक मोठा होता, मग त्याहून मोठा आला. कात्री एकापाशी जरा जास्त थांबली, हाताने काहीतरी चाचपलं आणि पुढे गेली. पायाखालची माती लाल झाली, मग काळी, मग पुन्हा लाल. डाव्या गालाला वारा लागत होता. कडा असतो तिथे वारा लागतो, पण तो कुठल्या गालाला लागायला हवा? आपण वर तोंड करून चाललोय म्हणजे उजवा कुठला? तिने हाताकडे बघितलं, तिरक्या मनगटाकडे. हा उजवा. एवढं अजून होतं.

मग पुढे एक जोडपट्टा आला. त्याच्या पलीकडे धुक्यात, उजवीकडे, बुटक्या दगडावर एक पट्टा पिवळा चमकत होता, आणि त्या दगडापुढे गवत होतं. लांब, पुढे झुकलेलं. कात्रीने मान वर केली. तिला पट्टा दिसला. ती उजवीकडे वळली.

कात्रीच्या मागे ती उभी होती आणि तिला ही जागा माहीत नव्हती. बघितल्यासारखीही वाटत नव्हती. हे वळण बरोबर आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तर तिने मानलं असतं, चूक आहे म्हटलं असतं तरी मानलं असतं. बोलायचं नाही हा नियम होता, आणि बोललं तर सगळं संपणार होतं, टप्पा, पिशवी, मोसमाच्या तोंडावर येणारे फोन, सगळं. कात्रीची पाठ गवताकडे निघाली होती. जुनी खाकी पाठ, खांद्याला ठिगळ. एक पाऊल. आणखी एक. तिच्या छातीत इतकं जोरात वाजायला लागलं की तिला वाटलं हा आवाजही नियमाविरुद्ध आहे. कात्रीचा पाय गवताला लागला.

"थांब!" ती ओरडली. खडे हातातून सांडले. "थांब गं, पुढे नको. मला... मला ही वाट ओळखू येत नाही."

कात्री थांबली. नियमाप्रमाणे मागे वळायचं नव्हतं, तरी ती वळली आणि परत आली, घाई न करता. "कडा?" तिने विचारलं.

"पुढे गवत आहे. मला वाटलं मी चुकीचा पट्टा..."

"ताई, कडा मागे राहिला. मघाशी तो मोठा खडक नाही का, मी हात लावून बघितला? राखाडी मारलेली होती, ताजी, दोन हात. आणि पट्टा डावीकडे, हवा तसा. पुढचं हे कुरण आहे. आपण दोघी इथेच बसून जेवलो होतो." तिने पायाने गवत बाजूला करून दाखवलं. खाली जमीन होती. कुणाच्याही अंगणात असावी तशी साधी, सपाट जमीन.

ती जोडपट्ट्याच्या दगडावर बसली. पट्टे सगळे बरोबर होते. लोक सुखरूप जाणार होते. आपल्या हाताने, आपल्याला न विचारता, सबंध टप्पा नीट रंगवून ठेवला होता, जुना पट्टा पुन्हा पुरून ठेवला होता. याने हायसं वाटायला हवं होतं. पण ती ज्या जागेला काल दुपारपासून भीत होती तिच्या शेजारून चालत गेली होती, हात लांब केला असता तर लागली असती, आणि तिला ती दिसली नव्हती. भीतीलाही आता जागा उरली नव्हती. ती कुठेही असू शकत होती.

"तुझ्या भावानं फोन केला होता मला," कात्री म्हणाली. ती शेजारी टेकली आणि डबा काढून अंडं सोलायला लागली, कुणाकडे न बघता. "तुझ्या आधीच. त्यानं पाहिलं होतं तुला औषधवाल्यापाशी. सकाळी दुकान उघडायला निघाला होता. तू रंगवत होतीस. हाक मारायचा धीर झाला नाही म्हणाला. फोनवर रडला मेला. मी त्याला म्हटलं, रडतोस काय, कुलपाला तेल दे."

"त्याला कशाची भीती वाटली?"

"तू त्याच्याकडे बघून विचारशील, कोण तुम्ही, याची."

धुकं अंगावरून जात होतं. मग ती म्हणाली, "होकायंत्रांना सांग. रविवारच्या आधी सांग. या वेळी बरोबर मारलंय. पुढच्या वेळचं मला काय ठाऊक?"

"सांगते," कात्री म्हणाली. तिने सांडलेले खडे एकेक करून वेचले. त्यांतला एक दोघींच्या पायांमध्ये, जोडपट्ट्याच्या तळाशी नीट टेकवला, आणि बाकीचे आपल्या कोटाच्या खिशात टाकले. "अनोळखी माणूस इथे थांबला. इथे खूण वाढवायची. आता ऊठ. परत जाताना तू पुढे."

उतरताना ती पुढे होती. पट्ट्यापाशी थांबायचं, मान उचलायची, पुढचा दिसला की निघायचं. मघाशी कात्री हे नाटक म्हणून करत होती, तिला मात्र ते करावंच लागत होतं. मोठा खडक आला तेव्हा तिने राखाडीवर हात ठेवला, गार, गुळगुळीत. पलीकडे गवत पुढे झुकलं होतं, कुरणातल्यासारखंच, काही फरक नव्हता. मागे पावलं येत होती. खिशात खडे वाजत होते. खाली झाडीत एकदा, फार थोडा वेळ, मागून कोण येतंय ते तिला आठवेना. मान वळवावीशी वाटली. पण मागे वळायचं नसतं एवढं तिच्यात कुठेतरी पक्कं रुतलेलं होतं, अक्षरांच्या खाली, दोऱ्यांच्या रंगांजवळ, आणि ती पुढच्या पट्ट्याकडे बघत चालत राहिली, पाठीवरची कातडी ताणून. बसमध्ये कात्रीने खिडकी तिला दिली.

शहरात उतरल्या तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि दुकानं उघडी होती. "पुढे हो," कात्री म्हणाली. तिने जोडपट्टा बघितला आणि वळली. औषधवाल्याची पाटी डोक्यावर होती, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. तिने त्याखालचा पट्टा बघितला. धोबीवाला इस्त्री फिरवत होता, त्याने मान हलवली, तिनेही हलवली. फाटकाचा खांब. जिना. जिन्यात मागची पावलं मोठी वाजायला लागली. पहिलं वळण, मग दुसरं, जिथे मांजर शेपूट काढून बसलं होतं. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं. हा हात चांगला होता. जो कुणी इथून गेला त्याने काम मन लावून केलं होतं, एकापासून दुसरा दिसत होता, कुठे म्हणून चुकायला जागा ठेवली नव्हती. ती त्याच्या भरवशावर वर आली आणि जिना संपला.

समोर दोन दारं होती. तपकिरी, एका रंगाची, दोन्हीला एकसारखं पितळी कुलूप. दोन्हींवर पाट्या होत्या आणि पाट्यांवरची अक्षरं हात सोडून उभी होती. तिने पट्टा शोधला. चौकटीवर बघितला, भिंतीवर बघितला, खाली उंबऱ्यापाशी वाकून बघितला. नव्हता. मारणाऱ्याने नियम पाळला होता, जिथे वाट संपते तिथे मारायचा नाही, शेवट ज्याचा त्याला कळतो. तिच्या मुठीत किल्ली होती. दोन्ही दारांच्या आत कुणीतरी हालत होतं, एकीकडे खुर्ची सरकली, दुसरीकडे नळ बंद झाला. ती अनोळखी माणसासारखी मधोमध उभी राहिली आणि मागे वळली नाही. मागच्या पायरीवर कोट सळसळला. मग फरशीवर खडा टेकवल्याचा बारीक आवाज झाला.